लबाडाचा भरवसा

एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. सच्चे नेहमी खरं बोलतात, लबाड नेहमी खोटं. दिसायला सगळे सारखेच. तिथे एका झाडाखाली तिघे उभे आहेत. तुम्ही पहिल्याला विचारता, "तू सच्चा की लबाड?" तो काहीतरी पुटपुटतो, ते तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही दुसऱ्याकडे वळता, "काय म्हणाला हो हा?" दुसरा सांगतो, "तो म्हणाला, मी लबाड आहे." तेवढ्यात तिसरा म्हणतो, "याच्यावर विश्वास ठेवू नका, हा खोटं बोलतोय."

दुसरा कोण आणि तिसरा कोण?

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं थांबून स्वतः सोडवा. उत्तर वाचण्यात काही नाही. सगळं सुख आहे ते अडकून राहण्यात आणि मग एकदम सुटण्यात.

तर असं. पहिला सच्चा असता, तर "मी लबाड आहे" हे खोटं त्याच्या तोंडून निघालं नसतं. तो लबाड असता, तर तेच वाक्य खरं ठरलं असतं, म्हणून तेव्हाही निघालं नसतं. म्हणजे या बेटावर "मी लबाड आहे" असं कोणीच म्हणू शकत नाही. तरी दुसरा सांगतो की पहिला तसं म्हणाला. दुसरा लबाड, त्याला खोटं पाडणारा तिसरा सच्चा. पहिल्याचं काय? तो कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही.

मी फौजदारी वकिली करते. ऐकीव पुरावा कोर्टात सहसा चालत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. 'तो असं म्हणाला' असं सांगणाऱ्याला आम्ही तिथल्या तिथे हरकत घेतो. म्हणून या कोड्याचं मला फार अप्रूप वाटलं. इथे मूळ बोलणं कोणी ऐकलेलंच नाही, हाताशी आहे ती नुसती सांगोवांगी, आणि त्या सांगोवांगीनेच साक्षीदार पकडला जातो. दुसरा काय सांगतोय हे बाजूला ठेवायचं आणि असं कोणाच्या तोंडून निघूच शकतं का, एवढंच विचारायचं. तेव्हापासून पुकारा होईपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसून ही कोडी सोडवायची मला सवय लागली. डायरीच्या मागच्या पानांवर सच्चे आणि लबाड, पुढच्या पानांवर तारखा.

ही कोडी नावारूपाला आणली रेमंड स्मलियन या अमेरिकन गणितज्ञाने. जन्म १९१९, मृत्यू २०१७. हा माणूस पियानो वाजवायचा, जादूचे प्रयोग करून पोट भरायचा, आणि मग प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च या मोठ्या तर्कशास्त्रज्ञाकडे शिकून १९५९ साली डॉक्टरेट झाला. १९७८ मध्ये त्याचं कोड्यांचं पुस्तक आलं. नावच होतं 'या पुस्तकाचं नाव काय?' त्याच्या सुरुवातीला त्याने लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. १९२५ सालचा १ एप्रिल. रेमंडला सहावं वर्ष पुरं व्हायला आलेलं, तापाने अंथरुणावर. मोठा भाऊ सकाळीच येऊन म्हणाला, आज तुला असं फसवतो की आजवर कोणी फसवलं नसेल. पोरगा दिवसभर वाट पाहत बसला. काही घडलं नाही. रात्री आई म्हणाली, अरे झोप आता. तो म्हणाला, दादा फसवणार आहे ना. शेवटी दादा आला आणि म्हणाला, मी फसवीन असं तुला वाटत होतं ना? मी फसवलंच नाही. मग फसलास की नाही? दिवे मालवल्यावर तो पोरगा बराच वेळ विचार करत पडून राहिला: आपण फसलो की नाही? फसलो नसू, तर जे घडेल वाटत होतं ते घडलं नाही, म्हणून फसलो. फसलो असू, तर वाटत होतं तेच घडलं, मग फसलो कुठे?

एवढ्याशा पोराने अंधारात पडून हा विचार करावा आणि त्याची गोडी पुढे नव्वद वर्षं टिकावी, याचं मला मनापासून कौतुक आहे.

खरे आणि खोटे बोलणाऱ्यांची कोडी त्याच्याही आधीची. १९३१ साली बोस्टनच्या एका वृत्तपत्रात तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांचं असंच एक कोडं छापून आलं होतं. पण या दोन जमातींसाठी अख्खी दुनिया उभी केली ती स्मलियनने. त्यात बेटं आली, राजकन्या आल्या, खटले आले, वटवाघळांच्या देशातली भुतंही आली.

यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं कोडं म्हणजे दोन रस्त्यांचं. रस्ता फुटतो, एक फाटा गावाला जातो आणि एक जंगलात. फाट्यावर एक माणूस उभा आहे. तो सच्चा आहे की लबाड, माहीत नाही. प्रश्न एकच विचारता येईल. बहुतेकजण आधी त्या माणसाचा छडा लावायला जातात आणि तिथेच त्यांचा प्रश्न खर्ची पडतो. खरी युक्ती वेगळी आहे. त्याला असं विचारायचं: "डावा रस्ता गावाला जातो का, असं मी तुला विचारलं, तर तू हो म्हणशील का?"

समजा, डावा रस्ता खरंच गावाला जातो. सच्चा हो म्हणेल, त्यात काही विशेष नाही. लबाडाला सरळ विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. पण आता प्रश्न आहे, तू हो म्हणशील का? याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे, आणि लबाडाला खरं बोलता येत नाही. म्हणून तोही म्हणतो, हो. खोट्यावर खोटं चढलं आणि खरं बाहेर आलं. तुम्ही गावाला पोचता, पण वाट दाखवणारा कोण होता ते तुम्हाला कधीच कळत नाही.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला जाणवलं की या बेटावरचा लबाड हा अतिशय भरवशाचा माणूस आहे. तो कधी चुकत नाही, कंटाळत नाही, कोणाची दया येऊन अधेमधे खरं बोलत नाही. त्याचं प्रत्येक वाक्य उलटं केलं की सत्य हाती येतं. माहितीच्या दृष्टीने सच्चा आणि लबाड यांच्यात काहीच फरक नाही. फरक पडतो तो तिसऱ्या प्रकारचा माणूस आला की. मनात येईल तसं बोलणारा, कधी खरं, कधी खोटं.

या तिसऱ्या माणसावरून जॉर्ज बूलोस या तर्कशास्त्रज्ञाने १९९६ साली एक कोडं मांडलं आणि त्याला नाव दिलं, 'आजवरचं सर्वांत अवघड तर्ककोडं'. तीन देव आहेत. एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं, आणि एक लहर लागेल तसं. कोण कुठला ते तीन प्रश्नांत ओळखायचं. शिवाय देवांना आपली भाषा कळते, पण ते उत्तर देतात त्यांच्या भाषेत, 'दा' किंवा 'या'. त्यातला हो कुठला आणि नाही कुठला हे आपल्याला माहीत नाही. मूळ कल्पनेचं श्रेय बूलोसने स्मलियनला दिलं आणि 'दा-या'च्या गुंत्याचं जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाला.

भाषेचा गुंता वर सांगितलेल्या दुहेरी प्रश्नानेच सुटतो. हो कुठला ते न कळताही सुटतो, ते मी इथे सोडून देते. मला मोह पडतो तो पहिल्या पायरीचा. तीन प्रश्नांतला पहिला प्रश्न मधल्या देवाला विचारायचा आणि तो डावीकडच्याबद्दल विचारायचा, 'हा लहरी आहे का?' अर्थात दुहेरी करून. उत्तर 'आहे' निघालं, तर एकतर डावा खरंच लहरी आहे, किंवा मधलाच लहरी आहे आणि उत्तराला काही अर्थ नाही. कसंही असो, उजवा लहरी नाही हे नक्की. उत्तर 'नाही' निघालं, तर एकतर डावा लहरी नाही, किंवा पुन्हा मधलाच लहरी, म्हणजे तरीही डावा लहरी नाही. पहिला प्रश्न विचारून आपल्याला कोण काय आहे ते कळलेलं नसतं. कळतं ते एवढंच की उरलेले दोन प्रश्न कोणाला विचारायचे. लबाड सापडला तरी चालतो, लहरी तेवढा नको.

कोर्टातले साक्षीदार जवळजवळ सगळे या तिसऱ्या प्रकारचे असतात. अट्टल लबाड मी पाहिलेला नाही. माणूस पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो की त्या दिवशी बाजार होता, हे खरं असतं. पाऊस पडून गेला होता, तेही खरं. बांधावरून भांडण जुनं होतं, तेही खरं. आणि मधेच एक वाक्य येतं, 'मी माझ्या डोळ्यांनी कोयता पाहिला', ते खोटं. बाकीच्या खऱ्याच्या आधाराने ते उभं असतं. या माणसाला लबाड ठरवून त्याचं सगळं उलटं केलं तर बाजारही नाही, पाऊसही नाही, भांडणही नाही. सच्चा ठरवलं तर एका निर्दोष माणसाला जन्मठेप.

एक जुनं लॅटिन वचन आहे, एका बाबतीत खोटा तो सगळ्या बाबतींत खोटा. ऐकायला अगदी बेटावरच्या नियमासारखं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली स्पष्ट केलं की भारतात हा कायद्याचा नियम नाही. फार तर सावधगिरीची सूचना समजावी. साक्षीदाराने एक गोष्ट खोटी सांगितली म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून द्यायची नाही, फोलपटं पाखडून दाणे वेगळे काढायचे. फितूर झालेल्या साक्षीदाराच्या साक्षीतलाही विश्वासार्ह भाग वापरता येतो. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. पण त्याने काम केवढं वाढलं! बेटावर एका वाक्यावरून माणूस कळतो आणि माणसावरून पुढची सगळी वाक्यं. इथे प्रत्येक वाक्य नव्याने तोलायचं.

आणि खोटं न बोलता फसवणारेही असतात, त्यांची जागा तर बेटावर मुळीच नाही. द्रोणाचार्यांना युधिष्ठिर सांगतो की अश्वत्थामा मेला, आणि हत्ती हा शब्द हळू आवाजात उच्चारतो. वाक्य शब्दशः खरं. बेटाच्या नियमाने युधिष्ठिर तेव्हाही सच्चाच राहतो. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं ते मात्र खोट्यावर विसंबून. 'नरो वा कुंजरो वा' आपल्याकडे घरोघर माहीत आहे, आणि उलटतपासणी घेताना मी शोधत असते ती बहुतेक वेळा अशीच एखादी गिळलेली हत्तीची गोष्ट.

याहून मोठी गोची वेगळीच आहे. बेटावर कोणी चुकत नाही. नेहमी खोटं बोलायचं तर नेहमी खरं काय ते ठाऊक असावं लागतं. लबाडाला जगातली प्रत्येक गोष्ट माहीत असते. आमच्याकडे प्रामाणिकपणे चुकीचं सांगणारे किती तरी. अंधारात पाहिलेला चेहरा, वर्षांनंतर आठवलेली वेळ, गावात चार महिने चर्चा होऊन मनात पक्की बसलेली घटना. स्मलियनला हे दिसलं होतं. म्हणून त्याने ट्रान्सिल्व्हेनियाची कोडी रचली. तिथे माणसं खरं सांगतात आणि रक्तपिपासू भुतं खोटं सांगतात, पण दोन्हींत अर्धे शहाणे आणि अर्धे वेडे. वेड्याची प्रत्येक समजूत उलटी. शहाणा माणूस खरं बोलतो. वेडा माणूस मनापासून बोलतो आणि ते खोटं निघतं. आणि वेडं भूत? त्याची समजूत चुकीची, ते ती लपवून उलटं सांगायला जातं, आणि त्याच्या तोंडून खरं निघून जातं. मला हा प्रकार सगळ्यांत आवडतो. खोटं बोलायची मनापासून इच्छा असलेला साक्षीदार, स्वतःच्या गैरसमजामुळे खरं बोलून जातो, असं मी प्रत्यक्ष घडताना पाहिलेलं आहे.

इथे एक प्रथा सांगितली पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक उलटतपासणीच्या शेवटी वकील साक्षीदाराला एक गोष्ट सुचवतो: तुम्ही खोटी साक्ष देत आहात. आणि नोंदीत प्रत्येक वेळी तेच वाक्य उतरतं: 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' पहिलं कोडं आठवा. बेटावर या प्रश्नाला सच्चाही नाही म्हणेल आणि लबाडही नाहीच म्हणेल. माहिती शून्य. तरीही आम्ही ते विचारतो, कारण आपली बाजू साक्षीदारापुढे मांडली नाही तर त्याचं म्हणणं आपल्याला मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणजे हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच, नोंदीसाठी असतो. कोड्यांमुळे माझ्यात झालेला बदल असा की आता बाकीच्या प्रत्येक प्रश्नाला मी ही कसोटी लावते: खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा यांचं उत्तर एकच येणार असेल, तर तो प्रश्न कशाला विचारायचा? आदल्या रात्री प्रश्न काढायला बसलं की निम्मे याच कसोटीवर गळतात.

'मी लबाड आहे' हे वाक्य बेटावर कोणी उच्चारू शकत नाही, पण जगात उच्चारता येतं, आणि तिथून माणसाची पंचाईत फार जुनी आहे. ग्रीकांची कथा बहुतेकांना माहीत असते, क्रीटच्याच एपिमेनिडीसने म्हणे सगळे क्रीटवासी खोटारडे आहेत असं म्हटलं. ते खरं तर तेवढं अवघड नाही. त्याचं वाक्य खोटं, आणि कोणीतरी क्रीटवासी कधीतरी खरं बोलला, एवढ्याने ते सुटतं. माझं मन रमतं ते आपल्या भर्तृहरीपाशी. 'वाक्यपदीय' लिहिणारा व्याकरणकार, साधारण पाचव्या शतकातला. 'मी बोलतो ते सगळं मिथ्या' हे वाक्य त्याने घेतलं आणि म्हटलं की असं बोलणाऱ्याला हे वाक्य स्वतः त्यात धरायचं नसतं. तेही मिथ्या धरलं तर जे सांगायला निघालो ते सांगितलंच जात नाही. वैयाकरणाने वाक्याकडे नुसतं वाक्य म्हणून न पाहता बोलणाऱ्याच्या मनात काय होतं तिकडे बोट दाखवलं. तर्कशास्त्रज्ञाचं समाधान याने होणार नाही. वकिलाचं होतं.

आता ज्या कोड्याने मला या सगळ्यांत जास्त शिकवलं त्याकडे येते. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या पोर्शियाच्या पेट्या स्मलियनने उचलल्या. पोर्शियाला वरायला आलेल्याने योग्य पेटी निवडायची, जिच्यात तिचं चित्र आहे ती. एका प्रसंगी पेट्या दोनच आहेत. सोन्याच्या पेटीवर लिहिलंय, 'चित्र या पेटीत नाही.' चांदीच्या पेटीवर लिहिलंय, 'या दोन वाक्यांपैकी नेमकं एक खरं आहे.'

आलेला तरुण हुशार. तो विचार करतो, चांदीवरचं वाक्य खरं असेल, तर नेमकं एक खरं, म्हणजे सोन्यावरचं खोटं, म्हणजे चित्र सोन्यात. चांदीवरचं खोटं असेल, तर नेमकं एक खरं नाही. चांदीवरचं तर खोटंच आहे, म्हणजे सोन्यावरचंही खोटं असलं पाहिजे, तेव्हाही चित्र सोन्यात. दोन्हीकडून उत्तर एकच. त्याने सोन्याची पेटी उघडली. रिकामी! चित्र चांदीत.

माझी त्या दिवशी अक्षरशः झोप उडाली. तर्कात चूक कुठे? पुन्हा पुन्हा तपासलं, एकेक पायरी बरोबर. पोर्शियाने फसवलं म्हणावं, तर तिने एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही. कारण तिने काही सांगितलंच नव्हतं! तिने चित्र चांदीच्या पेटीत ठेवलं आणि दोन झाकणांवर काहीतरी लिहिलं, बस. झाकणावरचं प्रत्येक वाक्य खरं किंवा खोटं यांपैकी काहीतरी एक असतंच, हे त्या तरुणाने स्वतःच धरून घेतलं होतं. आता चित्र चांदीत आहे म्हटल्यावर सोन्यावरचं वाक्य खरं. मग चांदीवरचं? ते खरं म्हणावं तर दोन्ही खरी होतात, म्हणून ते खोटं. खोटं म्हणावं तर नेमकं एकच खरं उरतं, म्हणून ते खरं. त्या वाक्याला खरंखोटं काही चिकटतच नाही. आणि झाकणावर मात्र ते शांतपणे लिहिलेलं आहे.

त्यानंतर मी सगळी कोडी पुन्हा पहिल्यापासून पाहिली, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य माझ्या डोळ्यांपुढे आलं. 'एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात.' आपण ते वाचून पुढे जातो. तिघांतला दुसरा खोटारडा, हे आपण सिद्ध करतो, रस्त्यावरचा अनोळखी माणूस काय म्हणेल ते सांगतो, आणि हे सगळं ज्याच्या जोरावर चालतं ते वाक्य कोणी म्हटलं ते विचारतही नाही. बेटावरच्या प्रत्येकावर आपण संशय घेतो, कोडं सांगणाऱ्यावर मात्र कधीच नाही. पोर्शियाच्या त्या कोड्यात तो हमी देणारा आवाजच नव्हता. बाकी सगळं तसंच होतं, फक्त पहिलं वाक्य गाळलं होतं, आणि तरुणाच्या ते ध्यानात आलं नाही. ते वाक्य त्याने मनातच भरून घेतलं.

माझ्याकडे पक्षकार येतात आणि पिशवीतून घडी केलेला स्टॅम्पपेपर काढतात. "मॅडम, लिहून घेतलंय ना त्याच्याकडून!" लिहिलेलं असतं, सही असते, अंगठा असतो. त्यांना समजावताना मला पोर्शियाच्या पेट्या आठवतात. कागदावर कोर्टाने निशाणी क्रमांक घातला म्हणून त्यातला मजकूर शाबीत होत नाही. कोणी लिहिला, कोणासमोर लिहिला, सही कोणाची, हे सांगणारा माणूस उभा राहावा लागतो. मजकूर आणि वस्तुस्थिती यांच्यात दोर बांधावा लागतो, तो आपोआप बांधलेला नसतो.

आणि शपथ! साक्षीदार पिंजऱ्यात चढतो आणि ईश्वराला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, असं म्हणतो. ज्याला देवाची शपथ नको तो प्रतिज्ञेवर सांगतो. मला पूर्वी हा उपचार वाटायचा. आता वाटतं, ती कोड्याच्या पहिल्या वाक्याचीच धडपड आहे. कायदा त्या चार फुटांच्या जागेत बेट उभं करू पाहतो: इथे उभा राहील तो सच्चा असेल. ते बेट टिकत नाही हे कायद्यालाही ठाऊक आहे, म्हणून खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आहे आणि उलटतपासणीचा अधिकार दिला आहे.

स्मलियनला या कोड्यांतून जायचं होतं ते गोडेलपर्यंत. कुर्ट गोडेलचा सिद्धांत १९३१ साली प्रसिद्ध झाला, गुडमनचं कोडं वृत्तपत्रात आलं त्याच वर्षी. गणितात अशी खरी विधानं असतात जी त्याच चौकटीत सिद्ध करता येत नाहीत, हे त्याचं सार. स्मलियनने ते बेटावर आणलं. तुम्ही असे विचारी की तुमचा खोट्यावर कधीच विश्वास बसत नाही. बेटावरचा एकजण तुम्हाला सांगतो, 'मी सच्चा आहे हे तुम्हाला कधीच पटणार नाही.' तो लबाड असेल, तर त्याचं वाक्य खोटं, म्हणजे तो सच्चा असल्याचं तुम्हाला कधीतरी पटणार, म्हणजे तुमचा खोट्यावर विश्वास बसणार. ते तर होत नाही. म्हणून तो सच्चाच. आणि सच्चा असल्यामुळे त्याचं वाक्य खरं: तुम्हाला ते कधीच पटणार नाही. बाहेर उभं राहून मला हे स्वच्छ दिसतं, तुम्हाला आतून दिसू शकत नाही.

पुराव्याच्या कायद्यात तीन खाने आहेत: शाबीत, नाशाबीत म्हणजे खोटं ठरलेलं, आणि शाबीत न झालेलं. हा तिसरा खाना सामान्य माणसाला पटवणं फार कठीण जातं. माझा मुलगा गेला आणि कोर्ट म्हणतं शाबीत झालं नाही, म्हणजे तो मेलाच नाही का, असं एका आईने मला विचारलं होतं. गोडेलचं न सिद्ध होणं वेगळं आणि पुरावा अपुरा पडणं वेगळं, याची गल्लत मी करणार नाही. पण खरं असणं आणि सिद्ध होणं या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, एवढं मात्र त्या बेटावरच्या माणसाने मला जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्या निकालपत्राने दाखवलेलं नाही.

खटल्यांची कोडी मी मुद्दाम शेवटी ठेवली. बेटावर गुन्हा घडलाय, आणि तो कोणा लबाडानेच केलाय हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही लबाड आहात, पण निर्दोष. एका वाक्यात सुटायचं आहे. काय म्हणाल? 'गुन्हा मीच केला!' सच्चा असं म्हणणार नाही, कारण गुन्हेगार लबाड आहे. म्हणजे तुम्ही लबाड, म्हणजे वाक्य खोटं, म्हणजे तुम्ही निर्दोष. कबुलीजबाब हीच सुटका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही ही आपल्या कायद्यातली तरतूद मला फार मोलाची वाटते, पण इतकी मजल तिचीही नाही.

याच्या पुढचं कोडं असं. गुन्हेगार सच्चा की लबाड, काहीच माहीत नाही. असं एखादं वाक्य आहे का, जे प्रत्येक निर्दोष माणूस म्हणू शकेल, मग तो सच्चा असो की लबाड, आणि जे एकाही दोषी माणसाला म्हणता येणार नाही?

आहे. 'एकतर मी सच्चा आणि निर्दोष आहे, नाहीतर मी लबाड आणि दोषी आहे.'

चारही जणांच्या तोंडी ते घालून पाहा. निर्दोष सच्च्यासाठी ते खरं, म्हणून तो म्हणू शकतो. निर्दोष लबाडासाठी ते खोटं, म्हणून तोही म्हणू शकतो. दोषी सच्च्यासाठी ते खोटं, त्याच्या तोंडून ते निघणार नाही. उरला दोषी लबाड. त्याच्यासाठी ते खरं आहे, म्हणून तोही गप्प. हे वाक्य सापडलं त्या संध्याकाळी मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि ज्यांची प्रकरणं माझ्या कपाटात आहेत त्या प्रत्येकाच्या तोंडी घालून पाहिलं. आपल्या कायद्याने आरोपीवर असं वाक्य शोधायची जबाबदारी टाकलेली नाही, गुन्हा शाबीत करायचं ओझं सरकार पक्षावर आहे. तरीही माझे पक्षकार ते वाक्य शोधतच असतात. भेटीच्या खोलीत जाळीपलीकडून विचारतात, मॅडम, मी नेमकं काय बोललो म्हणजे साहेबांना पटेल?